वीस मिनिटांचं जंगी मैदान

माझ्या डावीकडच्या दोन बरगड्या एका विशेषणापायी मोडल्या. ते विशेषण मी लिहिलेलं नव्हतं. उलट नोकरीभर मी मुलांना त्या जातीच्या शब्दांपासून चार हात लांब राहायला सांगत आलो. पण मोडायच्या वेळी बरगड्या असलं काही विचारत नाहीत.

इंदापुरात मी तीसेक वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं. मूळचे आम्ही लासुर्ण्याचे. नोकरीच्या काळात एस.टी.च्या खिडकीत बसून रस्त्याकडेचे फ्लेक्स वाचायची सवय लागली आणि ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. इंदापूर ते बारामती वाचत गेलं तर वाटतं, मराठीत आता एकच विशेषण उरलंय, ते म्हणजे भव्य. भव्य रक्तदान शिबिर, भव्य हळदीकुंकू, भव्य मोफत नेत्रतपासणी. एका चहाच्या टपरीचा भव्य शुभारंभ मी पाहिला आहे. टपरीत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला कप बाहेर द्यावा लागे. एका शांत माणसाची भव्य शोकसभाही पाहिली. तो बिचारा आयुष्यभर कडेकडेनं चालला होता आणि शेवटी दहा फूट उंच होऊन चौकात हसत उभा होता.

एकदा वर्गात विरुद्धार्थी शब्द विचारले. एका पोरीनं लिहिलं, ‘भव्य × घरगुती’. मी तिला पूर्ण गुण दिले. तिनं शब्दकोश वाचला नव्हता, रस्ता वाचला होता.

कुस्तीला मात्र आमच्याकडे वेगळा शब्द आहे, जंगी. हा फारसीतून आलेला शिपाईगडी. पलटणीबरोबर आला, पलटण गेली, हा इथंच राहिला आणि पोटासाठी स्वागतं, सभा, मिरवणुका असली किरकोळ कामं करू लागला. फक्त कुस्तीच्या हँडबिलावर तो अजून जुन्या ऐटीत उभा असतो. मला त्याच्याबद्दल जरा आपुलकी होती, हे आधीच कबूल करतो. कारण पुढे जे झालं ते त्या आपुलकीतून झालं.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पैलवान. बहीण लासुर्ण्यातच असते, त्यांचा ऊस आहे. पोरगा चोविसाचा, उंच, हाताचे पंजे सुपासारखे. आदल्या वर्षी सोलापूरकडच्या एका मैदानात त्याला प्रतिस्पर्ध्यानं उचलून आपटला आणि तो मानेवर पडला. पुढं तीन आठवडे उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या होत्या. भाकरी तोडताना तुकडा हातातून गळायचा आणि तो तुकडा आम्ही कोणीच पाहिला नाही असं दाखवायचो. बारामतीच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, मानेतल्या एका मणक्याभोवती पेनानं गोल काढला आणि म्हणाले, “खेळायचंच असेल तर उभ्यानं खेळ. खाली गेलास आणि ह्या जागेवर वजन आलं, तर पुढच्या वेळी मुंग्यासुद्धा येणार नाहीत.”

बहिणीला ते एकदाच ऐकून समजलं. भाच्याला समजलं की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायचं नाही. पैलवानांचे चेहरे तसे लवकर वाचता येत नाहीत, कान मात्र वाचता येतात. त्याचे दोन्ही मोडून कोबीच्या गड्ड्यासारखे झालेले.

अशात तालुक्यातल्या एका गावानं त्याला जत्रेच्या मैदानात शेवटची कुस्ती दिली. गावाचं नाव सांगत नाही, तिथं मला अजून जायचं असतं. शेवटची कुस्ती म्हणजे मैदानाचं नाक. आणि ह्या मैदानाची आमच्या घराला आणखी एक आठवण होती. माझे आजोबा तिथल्या कुस्त्या दोरीच्या बाहेर, तेही लांब उभे राहून बघत. आत माती होती आणि मातीला शिवणं त्यांना मंजूर नव्हतं. म्हणजे आजोबांना मंजूर होतं, मातीच्या मालकांना नव्हतं. आता त्यांचा पणतू त्याच मातीत शेवटची कुस्ती खेळणार, म्हटल्यावर घरात कोण नको म्हणणार?

बहीण म्हणाली. पण मग तिनं चौकशी केली, आणि त्या मैदानाचा एक नियम तिला समजला. तिथं कुस्तीला वीस मिनिटांची मर्यादा होती. वीस मिनिटांत कोणी चीत झालं नाही तर पंच दोघांचे हात वर करत आणि कुस्ती बरोबरीत सोडवत. कोणी हरला नाही, कोणी जिंकला नाही, दोघांनाही फेटा.

“वीस मिनिटं उभ्यानं काढंल त्यो,” ती मला म्हणाली. “तेवढ्यावर पाठवतीय, दादा. एकविसावं मिनिट मला नगो.”

हे मला माहीत होतं, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. पुढच्या प्रसंगात मी अजाण होतो असा कोणाचा गैरसमज नको.

जत्रेच्या पंधरा दिवस आधी त्या गावच्या कमिटीनं मला हँडबिलाचा मजकूर तपासायला बोलावलं. हँडबिल छापणारा स्टँडजवळचा फ्लेक्सवाला माझा विद्यार्थी. त्याला ऱ्हस्व-दीर्घाची इतकी धास्ती, की तो माणसं माझ्याकडे पाठवून देतो. मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात आम्ही बसलो. कमिटीचे प्रमुख तात्या, सत्तरीचे, स्वतः एकेकाळचे पैलवान. भाच्याचे वस्ताद, म्हणजे त्याला तालमीत शिकवणारे, तेही होते. तात्यांनी चष्मा लावून वाचलं, “भव्य दिव्य जंगी कुस्त्यांचे विराट मैदान.”

मी म्हणालो, “तात्या, एवढ्या गर्दीत पैलवान कुठं उभे राहणार?”

मंडळी हसली. लोक हसले की मास्तराला थांबता येत नाही.

“मग काय काढू म्हंता?” तात्यांनी विचारलं.

“वरचं काढायचं नसेल तर खालचं काढा. ही खाली ओळ आहे बघा, ‘वेळ वीस मिनिटे, नंतर बरोबरी’. वर जंगी, खाली वीस मिनिटं? लग्नातली एक पंगत उठायला ह्यापेक्षा जास्त वेळ लागतो. वीस मिनिटांत हात वर करून घरी जायचं असेल तर वरती सरळ लिहा, घरगुती कुस्त्यांचं मैदान.”

मंडपात हशा पिकला. वस्ताद मांडीवर थाप मारून हसले. एकटे तात्या हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खिशातलं पेन काढलं. मला वाटलं, आता ते निदान ‘विराट’ तरी खोडतील. मी चहा प्यायलो, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि समाधानानं घरी आलो.

तीन दिवसांनी हँडबिल हातात पडलं. वरची चारही विशेषणं शाबूत होती, उलट दोन आकारांनी वाढली होती. खाली लाल अक्षरात छापलं होतं, ‘यंदा सर्व कुस्त्या निकाली. वेळेचे बंधन नाही’. निकाली म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत. अगदी तळाशी ‘साहित्यिक मार्गदर्शन’ असं लिहून पुढं माझं नाव होतं.

मी त्याच दुपारी तात्यांच्या घरी गेलो. ते गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत होते.

“तात्या, ती माझी चेष्टा होती.”

“व्हय की. पर खरी चेष्टा हुती,” तात्या म्हणाले. “मी रातभर इचार केला. आमच्या वक्ताला दोन-दोन तास कुस्ती चालायची. वीस मिनिटं ही शेरगावची थेरं. तुमी शिकलेली माणसं, तुमी डोळं उघाडलं.”

“माझ्या भाच्याच्या मानेला दुखापत आहे.”

“पैलवानाला कुठंतरी असतीच.”

“ओळ बदला. मी फ्लेक्सवाल्याशी बोलतो.”

तात्यांनी बादली खाली ठेवली. “सर, पयलं हँडबिल आमी मारुतीफुडं ठिवतो, नारळ फोडतो, मंग गावात वाटतो. एकदा देवाफुडं गेलं की त्यात टाचणीएवढा बदल न्हाय. जोड बदलत न्हाय, नेम बदलत न्हाय. गावाचा शबुद हाय त्यो.”

मी नोकरीभर मुलांना सांगत होतो, की छापलेला प्रत्येक शब्द जबाबदारीनं घ्यावा. तसा तो घेणारा पहिला माणूस मला असा म्हशीशेजारी भेटला.

मग भाच्याला भेटलो. तो तालमीत फावड्यानं माती उकरत होता.

“खेळू नकोस,” मी म्हणालो. “कळव त्यांना.”

“काय कळवू मामा? मान दुखतीया म्हणून?” तो फावडं न थांबवता म्हणाला. “हँडबिलात नाव लागल्यावर माघारी येणारा परत कुणाच्या हँडबिलात लागत न्हाय. आन् तुमीच म्हणलात म्हणं, वीस मिनिटांची कुस्ती घरगुती.”

“मी गमतीनं म्हणालो रे.”

“वस्तादांनी समद्या तालमीला सांगितलं. पोरं हसत हुती.” आता तो थांबला. “आईला सांगू नका. ती हँडबिल वाचत न्हाय.”

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, की ती ओळ कुणी काढायला लावली.

मैदान शेतात केलं होतं. तांबडी माती, भोवती दोर, दोराबाहेर हजारो माणसं, झाडांवर माणसं, ट्रॅक्टरच्या टपावर माणसं. मला व्यासपीठावर बसवलं, फेटा बांधला. माझ्या डोक्याला फेटा बसत नाही, तो कानावर येतो, त्यामुळे अर्धा कार्यक्रम मला नीट ऐकू आला नाही. ही त्यातली चांगली बाजू. माइकवरचा निवेदक प्रत्येक पैलवानाला ढाण्या वाघ म्हणत होता. चार वाजेपर्यंत तालुक्यात वाघांची संख्या धोक्याबाहेर गेली.

पण मातीत जे चाललं होतं त्याला विशेषण लागत नव्हतं. पहिल्या तासात एकाचा दात पडला. त्यानं तो थुंकून मातीत पायानं दाबला आणि परत भिडला. एकाचा खांदा निखळला. त्याच्या वस्तादानं त्याला तिथंच आडवा पाडून काखेत टाच रोवली आणि हात ओढला. कट्‌ असा आवाज व्यासपीठापर्यंत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेळेचं बंधन नसल्यामुळे दमलेली पोरंसुद्धा सुटत नव्हती. एरवी बरोबरीत हात वर करून हसत बाहेर आली असती, ती एकमेकांच्या मानेवर कोपर घासत, तोंडात माती कोंबत, श्वास तुटेपर्यंत रेटत होती. एकजण चीत होऊन उठला आणि बाहेर येऊन ओकला. हलगी थांबतच नव्हती. माझ्या शेजारी बसलेले पाहुणे म्हणाले, “यंदा मैदानाला रंगत आली बरं का.” मी फेटा कानावर आणखी ओढला.

साडेपाचला शेवटची कुस्ती लागली. समोर काटेवाडीकडचा पैलवान, भाच्यापेक्षा वीसेक किलोंनी जड, मान आणि खांदा एकच. दोघांनी माती कपाळाला लावली, मांडीवर शड्डू ठोकले. ते शड्डू बंदुकीसारखे वाजले.

पहिली दहा मिनिटं भाचा उभ्यानं खेळला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. डोक्याला डोकं लावून दोघं एकमेकांना ढकलत होते आणि कपाळावर कपाळ आपटल्याचा नारळासारखा आवाज येत होता. काटेवाडीकर त्याच्या मानेवर वरून थापा मारत होता. ह्या खेळात ते चालतं, पंजाची थाप मारून मान खाली आणायची. प्रत्येक थापेला मी डोळे मिटत होतो. पंधराव्या मिनिटाला भाच्याच्या भुवईतून रक्त यायला लागलं. विसाव्या मिनिटाला मी घड्याळ बघितलं. दोघं उभे होते. इथं पंचांनी हात वर करायचे आणि आम्ही घरी जायचं, असं ठरलं होतं.

निवेदक ओरडला, “वीस मिनिटं झाली मंडळी! पण हे मैदान निकाली आहे!” लोकांनी टोप्या उडवल्या.

खिशातला फोन थरथरला. बहीण होती. ती घरी बसून मोबाइलवर हे मैदान थेट बघत होती. हल्ली सगळी मैदानं अशी दिसतात, फक्त अर्ध्या मिनिटानं उशिरा.

“दादा, त्यो काय म्हणला? निकाली?”

“हो.”

“वीस मिनिटं हुती की.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“कुणी काढली ती?”

हलगी वाजत होती. मी म्हणालो, “मी.”

मग ती अगदी हळू म्हणाली, “मंग तूच थांबव.”

मी उठून तात्यांकडे गेलो. तात्या मातीवरून नजर न काढता म्हणाले, “गावाचा शबुद, सर.” भाच्याच्या वस्तादांना म्हणालो, तुमचा टॉवेल टाका. वस्ताद म्हणाले, “टॉवेल टाकला तर आमचा गडी हारला. मी न्हाय हारवणार त्याला.” पंचाला दोराबाहेरून हाक मारली. त्यानं हँडबिलाची घडी खिशातून काढून मला दाखवली. तळाशी माझंच नाव.

एवढ्यात लोकांचा एकदम आवाज झाला. काटेवाडीकरानं भाच्याचा पाय ओढला होता. भाचा पोटावर पडला आणि तो जडशीळ माणूस त्याच्यावर चढला. त्यानं गुडघा भाच्याच्या मानेवर ठेवला. ह्या डावाला घुटना म्हणतात आणि तो पूर्णपणे नियमात आहे. गुडघ्यावर सगळं वजन टाकून तो खालच्याला उलथायला लागला. भाचा उलटला, पण पाठ लागू नये म्हणून डोकं आणि टाचा मातीत रोवून कमान झाला. सगळं शरीर वर, वर बसलेला माणूसही वर आणि दोघांचा भार पेनानं गोल केलेल्या त्या एका मणक्यावर. त्याची उजव्या हाताची बोटं मी बघत होतो. ती आधी माती खरडत होती. मग ती थांबली.

“पाडलं! पाडलं!” माझ्या मागचा माणूस ओरडत होता. “मोड त्याची मान, मोड!” हे तो रागानं म्हणत नव्हता. चांगला संसारी माणूस असणार, मांडीवर पोरगी होती.

मी दोरीखालून आत गेलो, बुटांसकट.

हे सांगितलं पाहिजे, की कुस्तीच्या मातीत पायताण घालून कोणी जात नाही. मंत्री आला तरी दोरीपाशी बूट काढतो. मातीत हळद, लिंबू, तेल, ताक घातलेलं असतं, तिची पूजा झालेली असते. बूट पडले की ती माती मोडली. ती काढून, नवीन टाकून, परत पूजा केल्याशिवाय तिच्यात कुस्ती होत नाही. हा नियम हँडबिलात छापायची कधी कोणाला गरज वाटली नव्हती. म्हणूनच तो माझ्या ‘साहित्यिक मार्गदर्शना’तून वाचला होता.

माझे बूट पाचव्या पावलाला मातीत रुतले. आधी हलगी थांबली. मग निवेदक वाक्याच्या मध्यात थांबला, हे त्या दिवशी पहिल्यांदाच घडलं. ती शांतता दोन सेकंद टिकली असेल. काटेवाडीकरानं मान वर करून माझ्या बुटांकडे पाहिलं आणि गुडघा उचलला.

मग माणसं दोर तोडून आत आली.

पहिली चपराक कोणी मारली माहीत नाही. दुसरी मारणारा माझा विद्यार्थी असावा, कारण “सर, बाहेर या” असं आदरार्थी बहुवचनात म्हणून त्यानं ती मारली. चष्मा गेला. पोटात गुडघा बसला तसा मी वाकलो आणि वाकल्यावर पाठीत बसू लागलं. फेट्याला धरून कोणीतरी मला फिरवलं. तो सुटत गेला आणि मी भोवऱ्यासारखा खाली आलो. खाली पडल्यावर लाथा. एक बरगडी मोडताना मी ऐकली, वाळलेल्या उसासारखी. दुसरी ऐकू आली नाही, तोंडात माती होती. खरंच ताकाचा वास येतो तिला.

“मैदान बाटवलं ह्यानं!” कोणीतरी ओरडलं. ह्या क्रियापदाची आमच्या घराशी जुनी ओळख. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतल्यावर आजोबांनी ते इतर सामानाबरोबर घराबाहेर ठेवलं होतं. इतक्या वर्षांनी ते परत अंगावर आलं तेव्हा मी त्याच मातीत तोंड घालून पडलो होतो. एवढंच मनात आलं, की आजोबा निदान लांब तरी उभे होते.

मला उचललं ते काटेवाडीच्या पैलवानानं. तो माझ्यावर ओणवा झाला, दोन-चार लाथा त्याच्याच पाठीवर बसल्या, मग त्यानं मला खताच्या पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि गर्दीतून वाट काढली. रुग्णवाहिकेच्या दारात मला ठेवताना तो कानाशी म्हणाला, “सर, बरं झालं आलात. माझा डावा गुडघा दहाव्या मिनटालाच गेलता. मला बी कुणी सोडंना.”

बहिणीनं नंतर सांगितलं, की मी आत शिरलो तेव्हा तिच्या फोनवर मी अजून दोरीबाहेर पंचाशी हुज्जत घालत होतो. ती फोनवर ओरडत होती, “जा की, जा की आत!” आणि तेव्हा मी लाथा खात होतो.

माती मोडली म्हणून पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवल्याचं जाहीर केलं. दोघांचे हात वर केले. भाच्याचा उजवा हात पंचालाच धरून ठेवावा लागला, असं बहीण म्हणते. तिनं ते फोनवर तीनदा मागं नेऊन पाहिलं.

मी इंदापुरात सात दिवस दवाखान्यात होतो. तात्या नारळ घेऊन आले. वाईट वाटलं म्हणाले, आणि ते खरं बोलत होते. “पर सर, बुटं काढून आला असता तर?”

“बुटं काढून आलो असतो तर कुस्ती थांबली असती का?”

तात्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. “न्हाय.”

भाचा आला नाही. त्याला गळ्यात पट्टा घातला होता. त्याच्या आईनं सांगितलं, की तो घरात कोणाशी बोलत नाही आणि माझं नाव निघालं की उठून उसात जातो. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की तो त्या कमानीतून निघाला असता. आणखी अर्ध्या मिनिटात तो उलटणार होता. मामानं अख्ख्या तालुक्यासमोर त्याला वाचवला, जसं रस्त्यात कुत्र्याचं पिल्लू वाचवतात. आता कोण त्याला शेवटची कुस्ती देणार?

“बोटं?” मी विचारलं.

“सांगत न्हाय. डाव्या हातानं जेवतोय.” बहीण खिडकीबाहेर बघत म्हणाली. “डॉक्टरकडं चल म्हणलं तर म्हणतो, मामाला न्ये.”

ती रोज येत होती, डबा आणत होती, पण माझ्याकडे बघून बोलत नव्हती. मी तिला एकदा म्हणालो, “मला माहीत होतं, की तू वीस मिनिटांवर त्याला पाठवलंस. आणि तरी मी बोललो.” ती म्हणाली, “माहीत हाय मला. जेव.”

पुढची जत्रा आली. कमिटीचा माणूस हँडबिलाचा मजकूर घेऊन घरी आला, फक्त शुद्धलेखनासाठी, हे त्यानं दारातच स्पष्ट केलं. वरती होतं, ‘भव्य दिव्य जंगी कुस्त्यांचे ऐतिहासिक विराट मैदान’. म्हणजे एक वाढलं होतं, आणि ते कशामुळे वाढलं असावं ह्याचा मला अंदाज होता. खाली लिहिलं होतं, ‘वेळ वीस मिनिटे, नंतर बरोबरी’. त्याखाली नवी ओळ, ‘मैदानात पायताण घालून येणाऱ्यावर कारवाई होईल’. मी ‘कारवाई’तली दीर्घ ई तपासली. बरोबर होती. एकाही विशेषणाला हात न लावता कागद परत दिला. त्या माणसाला जरा आश्चर्य वाटलेलं दिसलं.

शेवटच्या कुस्तीच्या जागी भाच्याचं नाव नव्हतं. तसं कुठल्याच कुस्तीला नव्हतं.

त्याच आठवड्यात मी इंदापूरच्या स्टँडवर बारामती गाडीची वाट बघत उभा होतो. समोरच्या फलाटावर तो दिसला. गळ्यात पट्टा नव्हता. खांद्यावर उसाच्या बेण्याचं पोतं होतं, उजव्या हातानं धरलेलं. मी बोटं बघितली. पाचही पोत्याच्या कापडात रुतलेली, घट्ट. त्यानं मला पाहिलं. आमच्यात एक गाडी येऊन थांबली, माणसं उतरली, गाडी गेली, तो अजून तिथंच होता आणि अजून माझ्याकडेच बघत होता. मी हात वर केला.

त्यानं तोंड फिरवलं. नुसते डोळे नाहीत, खांदाही नाही. अंगावर पोत्याचं वजन असताना त्यानं फक्त मान फिरवली, एका झटक्यात, पार पलीकडे, जितकी माणसाची फिरू शकते तितकी. मी तसाच हात वर करून बघत राहिलो. मग बहिणीला फोन लावला.